नेट सुरू, कॅमेरा बंद, फोन मुका: घरच्या राउटरमध्ये नेमकं काय घडतं?

‘स्पीड किती मिळणार?’ नांदेड असो की लातूर, नेटचं नवं कनेक्शन घेताना पहिला प्रश्न हाच असतो. डबा भिंतीवर बसतो, हिरवे दिवे लुकलुकायला लागतात, यूट्यूब झकास चालतं. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

दुकानातला कॅमेरा घरून मोबाइलवर का दिसत नाही? ऑफिसच्या नेटफोनवर समोरच्याचा आवाज येतो, पण आपला त्याला का जात नाही? आणि लाइट गेली की लँडलाइनही का बंद पडते?

वायर तुटलेली नसते, स्पीडही पूर्ण असतो. नेटवाला येतो, डबा बंद करून पुन्हा चालू करतो आणि निघून जातो. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

या तक्रारींचं मूळ त्या डब्याच्या दोन कामांमध्ये आहे. एक म्हणजे पत्ता बदलणं, दुसरं म्हणजे आवाज पोहोचवणं. कनेक्शनच्या जाहिरातीत या दोन्ही कामांचा उल्लेखही नसतो. पण तुम्ही विकत घेतलेलं इंटरनेट पूर्ण आहे की अर्धं, हे याच दोन गोष्टींवर ठरतं.

डब्यात आहे तरी काय?

ज्यांनी एकेकाळी घरोघरी टीव्हीची केबल ओढली, त्यांच्यातलेच बरेच जण आता नेट देतात. म्हणून लोकांच्या तोंडी अजूनही ‘केबलचं नेट’ हाच शब्द आहे. प्रत्यक्षात आज ते बहुतेक ठिकाणी फायबरवरून येतं. गल्लीतला केबलवाला स्वतः इंटरनेट तयार करत नाही. तो बीएसएनएल किंवा एखाद्या खासगी कंपनीचा भागीदार असतो. फायबर टाकणं, डबा बसवणं, तक्रार आली की धावणं हे त्याचं काम. पत्ते आणि नंबर देणं हे वरच्या कंपनीचं काम.

भिंतीवरच्या डब्यात मात्र चार यंत्रं एकत्र असतात. फायबरमधल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं एक. वायफाय देणारं दुसरं. पत्ता बदलणारं तिसरं. आणि मागे टेलिफोनची बारीक पिन बसणारं भोक असेल, तर फोनचा आवाज नेटवर नेणारं चौथं.

एक हॉस्टेल, एक पत्ता, साठ मुलं

पत्ता बदलणं म्हणजे काय? लातूरचं उदाहरण घेऊ. बारावी आणि नीटच्या तयारीसाठी राज्यभरातून मुलं इथे येतात आणि हॉस्टेलमध्ये राहतात. समजा, एका हॉस्टेलमध्ये साठ मुलं आहेत. पोस्टमनला फक्त हॉस्टेलचा पत्ता माहीत आहे. कोण कुठल्या खोलीत राहतं, ते त्याला ठाऊक नाही.

मुलगा पत्र पाठवतो तेव्हा वॉर्डन त्यावर हॉस्टेलचा पत्ता टाकतो आणि वहीत नोंद करतो: अमुक पत्र खोली नंबर १२ मधून गेलं. उत्तर आलं की वही बघून ते खोली १२ ला पोहोचवतो. पण न विचारता, अचानक एखादं पत्र आलं तर? वहीत त्याची नोंदच नाही. वॉर्डन ते परत पाठवतो.

घरचा राउटर हा असाच वॉर्डन आहे. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा या प्रत्येकाला तो घरातला एक नंबर देतो. हे नंबर बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. ते खोलीच्या नंबरासारखे असतात, म्हणजे लाखो घरांत तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरलेले असतात. बाहेरच्या जगात मात्र सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता जातो. या अदलाबदलीला ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’, थोडक्यात ‘नॅट’ म्हणतात. तिचा पहिला जाहीर आराखडा मे १९९४ मधला आहे.

कॅमेऱ्याचं कोडं इथेच सुटायला लागतं. तुम्ही बाहेरून कॅमेरा उघडता, तेव्हा ते न विचारता आलेलं पत्र असतं. राउटर ते दारातच थांबवतो. पूर्वी यावर सोपा उपाय होता. राउटरला आधीच सांगून ठेवायचं, ‘असं पत्र आलं की खोली १२ ला दे.’ याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. ते कसं करायचं, याचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. पण ते बघून सगळं तंतोतंत केलं तरी अनेकांचा कॅमेरा दिसतच नाही. कारण कुलूप आता फक्त घराच्या दाराला राहिलेलं नाही.

मग पूर्ण गल्लीचाच पत्ता एक झाला

तुटवडा म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इंटरनेटच्या पत्त्यांचा तुटवडा त्याआधीच जाहीर झाला होता.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. भारत ज्या आशिया-प्रशांत विभागात येतो, तिथे त्याच वर्षी एप्रिलपासून हात आखडता घेऊन वाटप सुरू झालं. २०१९ पासून या विभागात नव्या कंपनीला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात.

आता हिशेब करून बघा. एखाद्या छोट्या कंपनीचे ५,००० ग्राहक असतील आणि पत्ते ५१२, तर दर पत्त्यामागे साधारण दहा घरं येतात. ग्राहक वाढले की हा आकडाही वाढतो. म्हणून कंपनी स्वतःच्या यंत्रणेत आणखी एक, मोठा वॉर्डन बसवते. घरातला राउटर पत्ता एकदा बदलतो, कंपनीचं यंत्र तो पुन्हा बदलतं. याला ‘कॅरियर ग्रेड नॅट’, म्हणजेच सीजीनॅट म्हणतात. काम भागवायला गल्लीत एक सार्वजनिक नळ बसवावा, तसा हा प्रकार.

ही चोरी नाही आणि बेकायदेशीरही नाही. पण याचे परिणाम ग्राहकाला कुणी सांगत नाही.

पहिला परिणाम म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग निकामी होतं. घरच्या वॉर्डनला तुम्ही सूचना देऊ शकता, कंपनीच्या वॉर्डनला नाही. मग कॅमेरा बघायला एकच वाट उरते. कॅमेरा स्वतःहून त्याच्या कंपनीच्या सर्व्हरला जोडून राहतो, तुमचा मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि तिथे दोघांची गाठ पडते. सोय होते, पण तुमच्या घरातलं चित्र बघण्यासाठी तिसऱ्याच्या दारात जावं लागतं. तो सर्व्हर बंद पडला किंवा कंपनीने सेवा गुंडाळली, तर कॅमेरा ठणठणीत असूनही काही दिसत नाही.

दुसरा परिणाम म्हणजे एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना होऊ शकते. गल्लीतल्या एखाद्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरमुळे एखाद्या वेबसाइटने तो पत्ता अडवला, तर त्या पत्त्यामागची सगळी घरं अडकतात. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं वारंवार विचारलं जाण्यामागेही हे एक कारण असू शकतं.

तिसरा परिणाम आवाजावर होतो.

आवाज एकाच बाजूने का जातो?

इथे दोन प्रकारचे फोन वेगळे ओळखावे लागतील.

पहिला प्रकार म्हणजे राउटरच्या मागच्या भोकात जोडलेला साधा फोन. त्याला नांदेडचा ०२४६२ किंवा लातूरचा ०२३८२ ने सुरू होणारा नंबर असतो. हा आवाज सहसा कंपनी फायबरवरच्या वेगळ्या मार्गिकेतून स्वतःच्या एक्स्चेंजपर्यंत नेते. घरच्या नेटची गर्दी आणि नॅटची अदलाबदल या मार्गात येत नाही. त्यामुळे तो बऱ्यापैकी स्पष्ट चालतो.

दुसरा प्रकार म्हणजे नेटवरून चालणारे बाकीचे फोन. दवाखाना, क्लासेस, फायनान्स कंपनीच्या ऑफिसातले आयपी फोन, मोबाइलमधली कॉलिंगची अ‍ॅप्स. भारतात २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी होती. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने अ‍ॅपवरून साध्या फोन नंबरशी बोलण्याची वाट मोकळी केली. असे बरेच फोन ‘सिप’ नावाच्या पद्धतीने जोडणी करतात.

सिपची अडचण हॉस्टेलच्याच उदाहरणातून समजते. कॉल लावताना फोन एक पत्र पाठवतो. त्यात आत लिहिलेलं असतं, ‘माझ्यासाठी आवाज या पत्त्यावर पाठवा: खोली नंबर १२.’ वॉर्डन पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण आतल्या मजकुराला हात लावत नाही. समोरचा फोन आतला पत्ता वाचतो आणि आवाज ‘खोली १२’ कडे पाठवतो. जगात अशा लाखो खोल्या आहेत. आवाज कुठेच पोहोचत नाही. म्हणून घंटी वाजते, कॉल उचललाही जातो, पण एका बाजूला शांतता.

यावर उपाय म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी ‘सिप एएलजी’ नावाची सोय टाकली. यात वॉर्डन पाकीट फोडतो आणि आतला पत्ताही बदलतो. कल्पना चांगली, पण अनेक स्वस्त राउटरमध्ये हे काम धड होत नाही. अर्धा मजकूर बदलतो, अर्धा तसाच राहतो. शिवाय आजचे फोन ही अडचण ओळखून स्वतःचा मार्ग आधीच काढतात. त्यात राउटरने मध्येच हात घातला की सगळं बिघडतं. म्हणूनच नेटफोन पुरवणाऱ्या कंपन्यांचा पहिला सल्ला बहुधा हाच असतो: राउटरमधलं सिप एएलजी बंद करा.

‘येणारे कॉल वाजतच नाहीत’ या तक्रारीमागेही वॉर्डनची वही असते. तो जुन्या नोंदी ठरावीक वेळाने खोडतो. फोन बराच वेळ गप्प बसला की त्याची नोंद जाते. मग आलेला कॉल कुणाचा, हेच राउटरला कळत नाही. म्हणून चांगले फोन थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहतात.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल मग कसा लागतो? ते आधी दोन्ही फोनची थेट गाठ घालून देण्याचा प्रयत्न करतं. नाही जमलं तर आवाज स्वतःच्या सर्व्हरमार्गे फिरवतं. थेट जोडणीत समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळू शकतो. तो लपवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये दिली. ती चालू केली की सगळे कॉल सर्व्हरमार्गे जातात, आवाजाचा दर्जा मात्र थोडा उतरू शकतो.

लाइट गेली, फोनही गेला

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेतून घरापर्यंत यायचा. गावभर अंधार असला तरी फोन चालायचा.

ज्यांच्या घरी ती तार होती, त्यांच्यासाठी हे मोलाचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा देशात मोबाइल सेवा सुरूच झालेली नव्हती. ती जुलै १९९५ मध्ये आली. तोवर तातडीचा निरोप द्यायला तारेचा फोन आणि बिनतारी यंत्रणा एवढाच आधार होता.

फायबर ही काच आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे राउटरला घरच्या प्लगमधून, बहुधा १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरने, वीज द्यावी लागते. लाइट गेली की डबा बंद आणि फोनही बंद. नंबर तोच, यंत्रही तेच जुनं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटतं की फोन पूर्वीसारखाच आहे. तो तसा नाही.

यावर तोडगा स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस बाजारात मिळतो किंवा घरचा इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्यावर घेता येतो. पण एवढ्याने भागेलच असं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर केबलवाल्याची जी यंत्रणा आहे, तिलाही बॅटरी हवी. ती नसेल तर घरातला डबा चालू आणि लाइन बंद, अशी गत होते. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल, तर लँडलाइनच्या भरवशावर न राहता चार्ज केलेला मोबाइल हाताशी ठेवलेला बरा.

एका पत्त्यामागे अनेक घरं, पोलिसांनी शोधायचं कुणाला?

सीजीनॅटचा सगळ्यात गंभीर मुद्दा हाच आहे. धमकीचा मेल किंवा ऑनलाइन फसवणुकीचा तपास आयपी पत्त्यापासून सुरू होतो. पण त्या एका पत्त्यामागे एकाच क्षणी अनेक घरं असू शकतात. नेमकं घर शोधायला तीन गोष्टी लागतात: पत्ता, सेकंदापर्यंत अचूक वेळ आणि पोर्ट नंबर, म्हणजे वॉर्डनच्या वहीतला नोंद क्रमांक. अनेक वेबसाइट पोर्ट नंबर जपून ठेवतच नाहीत.

चूक झाली तर काय होतं, याचा धडा महाराष्ट्राने पाहिलेला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ऑर्कुटवर आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्यावरून ग्राहक ओळखताना चूक झाली होती. त्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता. तरी त्याला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. तेव्हा पत्ते आजइतके वाटून घ्यावे लागत नव्हते. आज गुंता त्याहून मोठा आहे.

युरोपीय पोलीस संघटना युरोपोलने ऑक्टोबर २०१७ मध्ये याच कारणासाठी सीजीनॅटचा वापर कमी करण्याची मागणी केली होती. भारतात डिसेंबर २०२१ मधल्या बदलानुसार कंपन्यांना कॉलच्या आणि आयपी वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. म्हणजे वही ठेवण्याचा नियम आहे. ती किती काटेकोरपणे लिहिली जाते, यावर एखाद्या निर्दोष घराची सुरक्षितता अवलंबून आहे.

उपाय आहे, आणि तो तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा आधीच चालू आहे

नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही ६ च्या पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्यं एवढी आहे. प्रत्येक खोलीला स्वतःचा पूर्ण पत्ता मिळेल एवढी. मग पत्ते वाटून घ्यायची गरज राहत नाही आणि त्यासाठी वॉर्डनही लागत नाही.

यात भारत मागे नाही, उलट जगात आघाडीवर आहे. गुगलच्या मोजणीत भारतातल्या वापरकर्त्यांपैकी सुमारे ७० टक्के आयपीव्ही ६ वरून येतात. याचं मोठं श्रेय मोबाइलला जातं. २०१६ मध्ये आलेल्या जिओने सुरुवातीपासूनच हे पत्ते वापरले.

घरच्या नेटसाठीही सरकारने मुदत घातली होती. दूरसंचार विभागाच्या २०२१ मधल्या सूचनेनुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेलं प्रत्येक नवं वायरचं कनेक्शन आयपीव्ही ६ चालवू शकेल असं असायला हवं. तरीही कंपनीने ते चालू केलेलं नाही, राउटर जुना आहे किंवा राउटरमध्ये ते बंद ठेवलेलं आहे, अशा कारणांनी ग्राहकापर्यंत ते पोहोचत नाही.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक यंत्राला पूर्ण पत्ता मिळाला की बाहेरचाही थेट दार ठोठावू शकतो. नॅट हे सुरक्षेसाठी बनवलेलं नाही, पण अनोळखी पत्रं परत पाठवण्याचं काम ते आपोआप करतं. ते गेलं की राउटरमधलं फायरवॉल चालू असायलाच हवं. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. मालकांनी कंपनीने दिलेले पासवर्ड बदललेलेच नव्हते, एवढं कारण त्याला पुरलं.

आपल्या घरी काय आहे, हे कसं ओळखायचं?

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’ नावाचा पत्ता दिसतो. तो लिहून घ्या. मग आपला आयपी दाखवणारी कुठलीही वेबसाइट त्याच वायफायवर उघडा. आयपीव्ही ४ चा पत्ता दोन्हीकडे सारखा असेल, तर तो तुमचाच आहे. वेगळा असेल, तर मध्ये आणखी एक वॉर्डन आहे. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर ते सीजीनॅटच. हे पत्ते २०१२ पासून खास याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. १० ने सुरू होणारा पत्ताही बहुधा तेच सांगतो. मात्र कंपनीच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर जोडला असेल, तर आधी कंपनीच्या डब्यातला पत्ता तपासा.

नेटवाल्याला चार प्रश्न विचारता येतात. कनेक्शन सीजीनॅटवर आहे का? आयपीव्ही ६ चालू करून मिळेल का? स्वतंत्र, कायमचा पत्ता हवा असेल तर त्याचे पैसे किती? आणि लाइट गेल्यावर तुमच्या बाजूची बॅटरी किती वेळ टिकते?

फक्त सिनेमे आणि रील बघणाऱ्याला यातलं काही अडणार नाही. ज्याचं दुकान, दवाखाना किंवा शेतातला कॅमेरा नेटवर आहे, त्याला मात्र हे प्रश्न कनेक्शन घेण्याआधीच विचारावे लागतील. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस डाउनलोड स्पीड. २०२३ मध्ये ठरलेल्या या व्याख्येत स्पीड आहे. ग्राहकाला स्वतःचा पत्ता मिळावा, अशी अट त्यात नाही. ती येईपर्यंत १०० एमबीपीएसच्या जाहिरातीखाली ‘पत्ता सामायिक’ अशी ओळ छापलेली दिसणं अवघड आहे. तोवर विचारणं हे ग्राहकाच्याच हातात आहे.